जिनिंगमधली शोधस्पर्धा

नव्वदच्या दशकात मी आदिलाबादच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वायरमन होतो. आमचे मॅनेजर हैदराबादहून कसलंसं ट्रेनिंग करून आले आणि त्यांना अचानक कळलं, की कामगारांना डोकंही असतं.

"कल मशीन बंद, दिमाग चालू!" त्यांनी फर्मावलं. प्रत्येक टोळीनं दिवसभरात एक नवा शोध लावायचा, संध्याकाळी इनाम. शोध म्हणजे जणू हॉटेलातली भजी. सांगितली की तळून हजर!

माझ्या टोळीत फिटर आणि तलमडुगूकडून येणारी एक मावशी होती. ती सरकी काढणाऱ्या रेच्यात कापूस टाकायची. मी विचारलं, "मावशी, काय बनवू?"

"काई बनव, पण हा उडता कचरा नाकात नको जाऊ देऊ. घरी जाऊनबी खोकून राह्यतो आमी."

आम्ही जुन्या कूलरचा पंखा काढला, पत्र्याचं मोठं नरसाळं ठोकून त्यात बसवला, रुंद तोंड रेच्यावर आणि निमुळतं टोक खिडकीबाहेर सोडलं. रेचा चालू करून दाखवतो म्हटलं, तर साहेब म्हणाले, "आज मशीन नहीं चलेगी." मग शोध नुसत्या दिसण्यावरून तपासले गेले. इनाम ऑफिसवाल्यांना मिळालं. त्यांनी थर्माकोलची जिनिंग केली होती, वर लुकलुकते बल्ब. ते बल्बही मीच जोडून दिलेले.

दुसऱ्या दिवशी रेचे सुरू झाले. आमच्या नरसाळ्यानं कचरा खेचला आणि बायांनी तोंडावरचे पदर सोडले. पण पाहुणे येणार म्हणून साहेबांनी ते काढायला सांगितलं. "भद्दा दिखता है."

मी शिडी लावली. मावशी म्हणाली, "काऊन काढून राह्यला?"

"साहेबाले बरं नाई दिसत."

"मंग साहेबालेच टाकू दे कापूस." तिनं टोपली उपडी केली आणि तिच्यावर बसली. बाकीच्या बायाही बसल्या. रेचे रिकामेच खडखडत राहिले. साहेब सवयीनं नाकाला रुमाल लावून धावत आले. ओरडले, समजावू लागले, पण एकही बाई उठली नाही. शेवटी नरसाळं जागेवर राहिलं.

पुढे मालकांसमोर साहेबांनी तेच नरसाळं आपल्या स्पर्धेचं फळ म्हणून मिरवलं, आणि बढती घेऊन दुसऱ्या जिनिंगवर गेले. तिथंही त्यांनी स्पर्धा भरवली, असं कानावर आलं. मी मावशीला सांगितलं.

"शोध लागतीन रे," ती म्हणाली, "पण तिथल्या बाया बसतीन का?"