बुडालेली आगबोट आणि नववं रीळ

सिनेमा संपला, दिवे लागले, तरी जागचं कुणी उठेना.

असं आमच्या थेटरात कधी होत नसे. मालवणचा प्रेक्षक शेवटचं रीळ निम्म्यावर आलं की चपला शोधायला लागतो. मी तिथे ऑपरेटर, म्हणजे प्रोजेक्टरचं मशीन चालवणारा. केबिनच्या भोकातून खाली पाहिलं, तर पुढे जमिनीवर बसलेले सगळे तांडेल, म्हणजे होडी चालवणारे म्होरके, आणि खलाशी कोऱ्या पडद्याकडे बघत होते. माझंच काही चुकलं असणार असं समजून मी मशीनला दोन थापडा मारल्या. मशीन ठणठणीत होतं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने हाक आली, "जावयानू, ही बोट अशीच ठेवतलात?"

ही बायजी मावशी. माझ्या बायकोची सख्खी मावशी.

"मावशी, सिनेमा संपलो," मी भोकातून ओरडलो.

"संपलो कसो? बोट तळाक, माणसां पाण्यात, आणि तुम्ही दिवे लावलात?"

गोष्ट आठेक वर्षांपूर्वीची. श्रावण चालू होता. आमच्याकडे पावसाळाभर दर्या बंद. होड्या माडाखाली झापांनी शाकारून ठेवलेल्या असतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की मासेमारी सुरू. तोवर माणसं रिकामी, म्हणून थेटर भरलेलं. आमचे मालक आबाशेट यांनी मला विचारलं होतं, "पौर्णिमेच्या आधीचे तीन दिवस मोकळे आहेत. कुठलं चित्र मागवू?" वितरकाच्या यादीत एक विलायती चित्र होतं. एक आगबोट वादळात खडकावर आपटून बुडाली, त्याची खरी घडलेली गोष्ट. मी म्हणालो, "शेट, आपल्या लोकांचा विषय आहे. डोळे मिटून आणा." नोकरीत मालकाला दिलेला हा माझा पहिला सल्ला. पुढे त्यांनी कधी विचारला नाही.

पहिल्या दिवशी सुरुवात तर झकास झाली. इंग्रजी कुणाला येत नव्हतं, पण वारा सगळ्यांना कळत होता.

"अरे, वारो खयसून येता बघ! वारो बघ!"

"ह्येका तांडेल कोणी केल्यानी?"

"टोपी बघून केल्यानी असतले."

"सुकाणू फिरव रे शिंच्या! खडपार जातलंस!"

पडद्यावरच्या कप्तानाने काही ऐकलं नाही. बोट खडकावर गेली. नवव्या रिळात ती हळूहळू पाण्याखाली जाते, दहाव्यात थोडे लोक किनाऱ्यावर रडतात, आणि समाप्त. नववं रीळ लागल्यापासून थेटरात खोकलासुद्धा ऐकू आला नाही. मी केबिनमध्ये खूश. म्हटलं, काय रंगलंय!

काय रंगलं होतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी समजलं. मावशी माझ्या दारात. तिचा मुलगा पांडू या पौर्णिमेला पहिल्यांदाच बापाच्या होडीवर तांडेल म्हणून जाणार होता. बापाची दृष्टी गेली होती. होडीवरचे सहाही खलाशी आदल्या दिवशी सिनेमाला होते, आणि त्यांना फुकट पास देणारा उदार गृहस्थ मीच. आता ते म्हणत होते की बुडलेली बोट बघून आम्ही होडीत पाय ठेवणार नाही.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. होडी लोटायच्या दिवसांत आमच्याकडे 'बुडणं' हा शब्दसुद्धा कुणी तोंडातून काढत नाही. मी ते थेटराच्या भिंतीएवढं करून, आवाजासकट दाखवलं होतं. पौर्णिमेला पांडूची होडी वाळूवर राहिली, तर सहा जण दुसऱ्या तांडेलाकडे जाणार आणि पांडूला पुन्हा कुणी तांडेल म्हणणार नाही. पोर दोन दिवस जेवलं नव्हतं म्हणे. सिनेमा होऊन एकच रात्र झाली होती, पण मावशीचा हिशेब मी दुरुस्त केला नाही.

"मावशी, ती बोट विलायतेची. तो दर्यो वेगळो," मी समजूत घातली.

"दर्यो एकच आसा, जावयानू. पाणी हय थय जाता."

आतून बायको म्हणाली, "तुमका दुसरा चित्र गावला नाय? देवाधर्माचा हाडतास तर काय हात झडले असते?"

मी आबाशेटकडे गेलो. चित्र बंद करा म्हणालो. ते म्हणाले, "तीन दिवसांचं बुकिंग आहे. वितरकाचा माणूस येऊन लॉजवर बसलाय. तूच म्हणालास ना, डोळे मिटून आणा? मी मिटले."

मग मी स्वतःची अक्कल चालवली. त्या दुसऱ्या दिवशीच्या खेळाला नववं रीळ लावलंच नाही. आठव्यावरून थेट दहाव्यावर. बोट खडकावर आपटते आणि लगेच लोक किनाऱ्यावर रडतात. मला वाटलं, सुटलो.

खाली गलका झाला. पहिल्या दिवशी येऊन गेलेल्यांनी सगळ्या बाजारात वर्णन केलं होतं.

"बोट खंय गेली? बुडव तिका!"

"अरे, बुडाक नाय तर ही रडतत कित्याक?"

"ऑपरेटरान रीळ खाल्ल्यान!"

एक चप्पल पडद्यावर आणि एक माझ्या केबिनच्या भोकावर. नेम चांगला होता. शेवटी नववं रीळ लावून मी बोट रीतसर बुडवली आणि खाली पुन्हा तीच शांतता पसरली. पांडूचे खलाशी दाराशी उभे राहून ऐकत होते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की एकदा बुडवून पोट भरलं नाही का रे तुझं.

खेळ संपल्यावर मी रिळं गुंडाळायला बसलो. रीळ चालून झालं की त्याचं शेवटचं टोक वर आलेलं असतं. दुसऱ्या खेळासाठी ते हाताने उलटं गुंडाळावं लागतं. नववं रीळ दिव्यासमोर धरून फिरवत होतो, आणि त्या बोटभर चित्रांतून मला दिसलं की आगबोट पाण्यातून वर येतेय. मी थांबलो. परत फिरवलं. येतेय खरी.

वीस वर्षं मी रोज रिळं उलटी गुंडाळतोय, पण हे डोक्यात आलं नव्हतं. हुशार माणसाला कदाचित पहिल्याच वर्षी सुचलं असतं.

आता अडचण अशी, की प्रोजेक्टरची मोटर उलटी फिरत नाही. पण मशीनला बाजूला एक हातचाक असतं, ते उलटं फिरवता येतं. दुसरी अडचण मोठी. मशीनचा दिवा म्हणजे कोळशाच्या दोन कांड्यांमधला जाळ. फिल्म त्याच्यासमोर रेंगाळली तर जळते. म्हणून वेग कमी झाला की एक पत्र्याची झडप आपोआप मध्ये पडते. हाताने फिरवायचं तर झडप बोटाने वर धरायची आणि हात थांबू द्यायचा नाही. थांबला तर वितरकाची प्रिंट गेली, आणि तिच्याबरोबर माझी नोकरी. आमचा डोअरकीपर सावळाराम, माझ्याहून वयाने मोठा, त्याला मी वरचं चाक गुंडाळायला घेतलं. तो म्हणाला, "मी देवाक गाऱ्हाणां घालून येतंय. मगे सुरू कर."

तिसऱ्या दिवशी खेळ सहाचा. मावशीला सांगितलं, पांडू आणि त्याचे सहाही जण पुढे बसले पाहिजेत. ते आले, पण माना खाली घालून बसले. दहावं रीळ मी आधीच लावून टाकलं, लोकांना वाटलं माझं डोकं फिरलं. मग नववं. बोट बुडाली. मोटर बंद केली, आवाज बंद केला, झडप उचलली आणि हातचाक उलटं फिरवायला लागलो.

पडद्यावर पाणी दुभंगलं. आधी डोलकाठी वर आली, मग धुराडं.

"अरे! वर येता!"

पाण्यातली माणसं उडून डेकवर जायला लागली. कप्तानाची टोपी लाटेवरून निघून त्याच्या डोक्यावर बसली. पण माझा हात भरून आला होता. चित्र थरथरायला लागलं, मधोमध एक तांबूस डाग दिसला. फिल्म तापली होती. सावळाराम म्हणाला, "सोड रे, जळात!"

खाली कुणीतरी, बहुधा पांडूच, ओरडला, "हैस्सा!"

होडी वाळूवरून ओढताना आमच्याकडे हीच हाक देतात. एक जण देतो, बाकीचे जोर लावतात. सहा जणांनी उत्तर दिलं, मग शंभरांनी. "होऽ हैस्सा! ओढ रे, हैस्सा!" त्या हाकेवर माझा हात आपोआप फिरायला लागला. दर हाकेला एक फेरा. डाग गेला. अख्खं थेटर उभं राहून आगबोट ओढत होतं आणि मावशी बायकांच्या बाजूने ओरडत होती, "चढ गो बाये, चढ!"

आगबोट वर आली, सरळ झाली, पाण्यावर डौलात उभी राहिली. तिथे मी दिवा विझवला.

वितरकाचा माणूस केबिनमध्ये धावत आला. "अहो, ही खरी घडलेली गोष्ट आहे! ती बोट बुडाली होती!"

मागून आलेले आबाशेट शांतपणे म्हणाले, "बुडवली की. आधी बुडवलीच आहे त्याने."

पौर्णिमेला पांडूची होडी सगळ्यांत आधी पाण्यात गेली. सहाही जण होते. चौथ्या दिवशी मावशीने टोपलीभर बांगडे घरी पाठवले. बायकोने त्यांचं झणझणीत तिखलं केलं, पण मला घास उचलता येईना. उजवा हात खांद्यापासून धरला होता. तिने मला पोरांसमोर भरवलं आणि पोरं हसली.

त्यानंतर मी बऱ्याच बोटी, घरं आणि एक पूल बुडताना दाखवला. प्रत्येक वेळी खालून 'वर काढ' अशी मागणी होते, पण मी ऐकत नाही. बुडवायचं काम मोटर करते. वर काढायचं हाताने करावं लागतं, आणि त्याचा पगार निराळा मिळत नाही.