उपाशी पट्टा

मोठ्या काकूला स्वस्थ बसलेलं मी क्वचितच पाहिलं. जेवताना ती दोनदा उठायची. एकदा मीठ आणायला आणि एकदा मीठ आधीच आणलंय हे लक्षात आल्यावर बरणी परत ठेवायला. पायाला भिंगरी म्हणतात ती हीच. काका होते तोवर हसून म्हणायचे, हिला खुर्ची नको, नुसता रस्ता द्या. काका गेल्यावर त्या भिंगरीला फिरायला जागाच उरली नाही. शेत दोघा भावांचं, त्यातला अर्धा वाटा आता काकूचा. पण पेरणीपासून काढणीपर्यंत सगळं ठरवायचे माझे बाबा, म्हणजे तिचे धाकटे दीर. तिच्या वाट्याचं धान्य न चुकता तिच्या खोलीत यायचं. बाबांनी त्यात मूठभरही कधी कमी केलं नाही, आणि तिला कधी काही विचारलंही नाही.

आमच्याकडे आधी भात आणि त्याच जमिनीत मागून गहू. हा गहू दरवर्षी कोवळेपणीच पिवळा पडायचा. बाबा युरिया टाकायचे, पुढच्या वर्षी आणखी टाकायचे. काकूचं म्हणणं वेगळं होतं. युरियाची भूक असती तर खालची जुनी पानं आधी पिवळी पडली असती. इथे खालचं पान हिरवं आणि शेंड्याचं कोवळं पान पिवळं. म्हणजे भूक गंधकाची. भातासाठी पाणी साचवून ठेवलं की जमिनीतलं गंधक पिकाच्या हाती लागत नाही, हे तिने खताच्या दुकानात खोदून खोदून विचारून घेतलं होतं. बाबांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि युरियाच आणला.

मग तिने त्यांचं डोकं खायला घेतलं. ते काम ती मन लावून करायची. शेवटी बाबा कंटाळून तयार झाले. बांधालगत गव्हाचे दोन पट्टे आखायचे. दोन्हींना युरिया सारखाच; पण एकाला पेरतानाच जिप्सम, म्हणजे गंधक असलेलं पांढरं खत, आणि दुसऱ्याला ते अजिबात नाही. काढणीला फरक दिसला तर पुढच्या हंगामापासून काकूचा वाटा काकूने बघायचा. नाही दिसला तर विषय कायमचा बंद.

काकू इतकी खूश झाली की आठवडाभर गुणगुणत होती. मग पट्टे दिसायला लागले आणि गुणगुणणं थांबलं. जिप्समचा पट्टा हिरवागार, शेजारचा पिवळा. तिचं म्हणणं अगदी खरं ठरत होतं. जिंकायचं तर तो पट्टा पिवळाच राहायला हवा, हे तिला कळत होतं आणि तेच सोसत नव्हतं. सकाळी जाऊन बघायची, संध्याकाळी जाऊन बघायची, आणि घरी येऊन आमच्यावर चिडचिड करायची. तिकडे बघूच नका, असं आईने सांगून पाहिलं. काकू म्हणाली, घास हातात घेतला की तो उपाशी पट्टाच डोळ्यांपुढे येतो.

बाबा फवारणीच्या पंपाचा वायसर आणायला बाजारात गेले, त्या दिवशी तिचा धीर सुटला. उरलेली गोणी तिने ओढत नेली, उपाशी पट्ट्यात जिप्सम फेकलं आणि वरून पाणी सोडलं. घरी येऊन हात धुता धुता तिने आम्हाला सांगितलं. मग आपण काय करून बसलो हे तिच्या लक्षात आलं आणि ती मटकन खाली बसली. आईने आणि मी मूग गिळून बसायचं ठरवलं.

पट्ट्याची नवी पानं हिरवी आली. काकूची झोप मात्र उडाली. बाबा बांधावरून येत-जात होते. त्यांनी ना काही विचारलं, ना काही सुचवलं. तिचा जीव टांगणीलाच होता. काढणी झाली, दोन्ही पट्ट्यांचा गहू वेगवेगळा मोजला, तर उन्नीस-बीसचा फरक.

दुपारी जेवताना बाबा म्हणाले, "वहिनी, काही फरक दिसला नाही."

काकूचा हात ताटातच थांबला. "मी त्या पट्ट्याला खत घातलं, भावजी. मला राहवलं नाही."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. नमुन्याला जुना वायसर न्यायचा राहिला म्हणून ते त्या दिवशी अर्ध्या वाटेतून परत आले होते. बांधावरून सगळं पाहून तसेच मागे फिरले होते.

मला बाबांचा फार राग आला. पिवळं पीक हिरवं होताना या माणसाने रोज पाहिलं, आणि हंगामभर तोंडातून शब्द काढला नाही.

"एक पट्टा उपाशी ठेवायचा होता," बाबा म्हणाले. "तुम्हाला तेवढंही जमलं नाही. अर्धं शेत कसं जमणार?"

"उपाशी ठेवणं जमतं म्हणून तुम्ही सांभाळता का?" काकूचा आवाज चढला नाही. "तो पट्टा खताआधी पाहिलात, खतानंतर पाहिलात. फरक दिसला की नाही, एवढंच सांगा."

बाबांनी भात चिवडला.

"दिसला," ते म्हणाले.

काकू ताटावरून उठली. मला वाटलं, मीठ आणायला. पण ती दाराशी जाऊन चपला घालू लागली.

"आता उन्हात कुठे निघालात?" बाबांनी विचारलं. "तिथे आता नुसती धसकटं आहेत."

"माझ्या शेतात," काकू म्हणाली आणि निघाली.

आईने तिचं ताट झाकून ठेवलं.