मल्लप्पाची दोरी

सात रस्त्याजवळच्या आमच्या कॉलेजात मल्लप्पा शिपाई आहे. दरवर्षी फेब्रुवारीत तो दोन दिवसांची रजा मागतो आणि अर्जात कारण लिहितो, ‘गावी मोजणी’. मी इतिहास शिकवते, पण कसली मोजणी हे विचारायचं मला पंधरा वर्षांत सुचलं नाही. आमच्या चौकशा सगळ्या पुस्तकातल्या!

मागच्या महिन्यात वर्गात मी ‘मीर’ शिकवत होते. मीर म्हणजे रशियातली जुनी गावकी. जमीन एकेकट्याची नाही, सगळ्या गावाची, आणि ठरावीक वर्षांनी घरातली माणसं बघून पट्टे नव्यानं वाटायचे. हजेरीचं रजिस्टर घेऊन दारात उभा असलेला मल्लप्पा तास संपल्यावर म्हणाला, “म्याडम, आमच्या तळ्यात असंच हाय की.”

मग सगळं कळलं. अक्कलकोटच्या पुढं त्याचं गाव आहे. गावच्या तळ्याचं पाणी हटलं की गाळाची जमीन उघडी पडते. तिथं काकडी-कलिंगडं लावतात. जुने बांध पाण्यात विरघळलेले असतात, म्हणून दरवर्षी नवे पट्टे पाडायचे. घरात जेवणारी जेवढी तोंडं, तोंडामागं चार हात रुंदी. कुणाचा पट्टा कुठला, ते चिठ्ठ्यांवर ठरतं. दोरी धरून मोजणारा चिठ्ठी उचलत नाही, उरलेला पट्टा घेतो. म्हणजे मोजणीत तो लबाडी करत नाही. शिवाय दोरी हातात असेपर्यंत त्यानं बैठकीत बोलायचं नाही. मल्लप्पा सव्वीस वर्षं दोरी धरत होता, आणि त्याचा त्याला भारी अभिमान.

यंदा मीही त्याच्याबरोबर गेले. एसटीत त्यानं घरची अडचण सांगितली. त्याची बहीण रत्नम्मा नवऱ्याचं घर कायमचं सोडून मुलीला घेऊन परत आली होती आणि तिला स्वतःचा पट्टा हवा होता. पण लग्न झालेली मुलगी माहेरच्या मोजणीत धरत नाहीत. भाऊ जेवायला घालत होताच. “पर गावानं मला मोजलं पायजे की,” घरी पोचल्यावर ती मला म्हणाली.

तळ्याकाठी बैठक बसली. गावचा कारभार बघणाऱ्या म्हाताऱ्या बिरप्पानं घराघराची नावं वाचली. रत्नम्माचं नाव आलंच नाही. ती मान खाली घालून बसून राहिली. मल्लप्पा दोरी धरून उभा. हा बाबा ढिम्म! मला त्याचा खरंच राग आला.

मग त्यानं दोरी सावकाश गुंडाळली आणि बिरप्पापुढं ठेवली.

“आता बोलतो,” तो म्हणाला. “रत्नम्मा हितं जेवती, तिची पोरगी हितं जेवती. आपुन तोंडं मोजतो का लगीन मोजतो?”

“समद्यांचा पट्टा कमी हुतोय,” शेजारची निंगव्वा करवादली.

“व्हय, हुतोय. माजा बी.”

दुपारपर्यंत वाद चालला. कुणी उठून गेलं, पाणी पिऊन परत आलं. शेवटी बिरप्पा म्हणाला, “लिवा, रत्नम्मा, दोन तोंडं.” आणि मल्लप्पाकडं वळून म्हणाला, “पर खाली ठिवलेली दोरी परत मिळत न्हाय.”

“ठाव हाय,” मल्लप्पा म्हणाला.

दुसऱ्यानं दोरी धरली. मल्लप्पानं आयुष्यात पहिल्यांदा चिठ्ठी उचलली आणि निघाला कडेचा खडकाळ पट्टा. तो हसला. रत्नम्मा मात्र आपल्या आठ हातांच्या पट्ट्यात कितीतरी वेळ नुसती उभी होती.

परतीच्या एसटीत मी म्हटलं, “दोरी गेल्याचं वाईट वाटतं?”

“लई वाटतंय.” तो म्हणाला. “पर म्याडम, सव्वीस वर्सांत अशा चार बाया म्हायेरी आल्या. त्यांची नावं बी वगळली. मी दोरी धरून गप हुतो. का, तर त्या माज्या कुणी नव्हत्या.”

“त्या आता कुठं असतात?” मी विचारलं.

“त्यातल्या दोगी हायत अजून गावात,” तो म्हणाला. “पुडल्या वर्सी त्यांची नावं घेनार हाय मी. आता तोंड मोकळं हाय.”