नवरा-नवरीच्या मागची चाळ

"चेहरे राहू दे पोरी, मांगचं मोठं कर."

माझ्या झेरॉक्सच्या दुकानात येऊन काका काउंटरवर फोटो ठेवायचे आणि हेच म्हणायचे. फोटो त्यांचा नसेच. कुणाच्या लग्नातला, बारशातला, घरोघरी जाऊन मागून आणलेला. मी तो स्कॅन करायची आणि ते खुर्ची ओढून स्क्रीनच्या इतक्या जवळ बसायचे की मला माउस हलवायला जागा उरत नसे.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. काका दारात दिसले की लोक अल्बम लपवायचे, कारण ते एकदा बसले की चहा दोनदा करावा लागे.

काका आमच्या गावच्या कापड मिलमध्ये हजेरी लिहायचे. मिल बंद पडली, यंत्रं भंगारात गेली. मग कामगारांच्या चाळी एकेक करून पाडल्या आणि तिथं प्लॉट पडले. तेव्हापासून काकांनी हे काम हाती घेतलं. कुठली चाळ कुठं होती, पाळणाघरावर कौलं होती की पत्रे, हे त्यांना लोकांच्या फोटोंतून गोळा करायचं होतं.

"मिलचे जुने फोटो असतीलच ना कुणाकडे?" मी एकदा विचारलं.

"मिलचे आहेत. सायबाच्या बंगल्याचे आहेत. आमच्या चाळीचा फोटो कोन काहाले काढन?"

एकदा लग्नाच्या फोटोतली मिलची चिमणी मोठी करताना नवरा-नवरीची फक्त बाशिंगं उरली. ती नवरी आता सत्तरीची. प्रिंट बघून म्हणाली, "अन् मी कुठी आहो याच्यात?"

"आहेस ना वैनी," काका शांतपणे म्हणाले, "पन चिमनीच्या आड येऊन राह्यली होती."

ती इतकी हसली की घरून आणखी दोन अल्बम घेऊन आली.

काकांचं स्वतःचं घर मात्र एकाही फोटोत सापडत नव्हतं. त्यांची बायको त्याच घरात, लग्नाच्या सहाव्या वर्षी, तापानं गेली. तिचा फोटो काढायचा राहूनच गेला होता. हे मला त्यांच्या सुनेनं सांगितलं. तेव्हापासून फोटो आला की मीही ते घर शोधू लागले.

गेल्या उन्हाळ्यात एका बारशाच्या फोटोत, अगदी कोपऱ्यात, एक दार दिसलं. दाराशी वाकून भांडी घासणारी एक बाई. चेहरा अर्धाच. चाळ काकांचीच होती. ते बराच वेळ पाहत राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांनी हो म्हणावं असं मला फार वाटत होतं.

"काकूच असतील," मी म्हणाले.

"नाई," ते म्हणाले. "आमच्या दाराले एकच पायरी होती. इथं दोन आहेत. हे बाजूचं घर. थे आमची शेजारीन." मग माझ्याकडं वळून, "तिची पोरगी अल्लीपूरले देली आहे. तिले निरोप धाडजो."

दोन दिवसांनी ती बसनं आली. पन्नाशीची बाई. तिच्याकडंही आईचा फोटो नव्हता. प्रिंट मांडीवर घेऊन ती बाकावर बसली, पदरानं डोळे पुसले. मग काकांकडं वळली.

"माय कामावर जाये तं तुमच्या घरची काकूच मले न्हाऊ घाले, काका. मी रडली का भाकरीचा तवा दाखवे. म्हने, हा चंद्र आहे, आपल्या चुलीनं काळा पडला."

काकांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. म्हणाले, "आनखी?"

तिनं आणखी सांगितलं. दुपारपर्यंत सांगत राहिली आणि मी गिऱ्हाइकांना हळू बोलायला लावत राहिले. ती निघाली तेव्हा काका रस्त्यापर्यंत गेले. "आनखी आठवलं तं येजो," म्हणाले.

ती दिवाळीनंतर आली. तोवर काका गेले होते. सेवाग्रामच्या दवाखान्यात चार दिवस होते, तेवढंच. मी सांगितलं तशी ती काउंटरला धरून उभी राहिली.

"एक आठवलंतं, ताई. तेच सांगाले आलती."

"मला सांगा," मी म्हणाले.

"पावसाचं पानी आलं का साऱ्या बाया आपापलं वाळवन उचलाले धावत. काकू आधी आमचं उचले. मंग आपलं."