आईला सांगितलेला धडा

आम्ही लोहाऱ्याचे. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूची, गल्लीत मराठी आणि घरात आईची कानडी. तिचं माहेर सरहद्दीपलीकडचं, तिला मराठी जेमतेम यायची. मी उर्दूचा धडा झुलत झुलत पन्नासदा घोकायचो. एकदा मौलवीसाबांनी भूगोलातलं मधलंच काही विचारलं. मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली, तरी निम्म्यात अडकलो. वर्ग हसला.

मौलवीसाबांनी छडी उचलली नाही. म्हणाले, "किताब बंद कर. घर जाके अम्मा को सुना."

"आईला उर्दू येत न्हाय, मौलवीसाब."

"इसीलिए तो!"

संध्याकाळी आई ज्वारी निवडत बसली होती. पुस्तक मिटून मी कानडीत सांगू लागलो. पाठ केलेलं एकही वाक्य कामाला येईना. गोदावरी पूर्वेला वाहते, एवढं कसंबसं सांगितलं. आईनं विचारलं, "याके?" म्हणजे का? मला कुठं ठाऊक! पुस्तक उघडलं, तर जमिनीच्या उताराचं कारण तिथंच लिहिलेलं. पन्नासदा ते तोंडातून गेलं होतं, डोक्यात एकदाही शिरलं नव्हतं.

मग हे रोजचंच झालं. नव्या धड्याआधी आई कालचा विचारायची, कधी आठवड्यामागचा. आठवेपर्यंत पुस्तकाला हात लावू द्यायची नाही. मला रडू यायचं, पण तेवढ्यात आठवायचंही. त्या वर्षी तपासणीच्या साहेबांनी विचारलं तेव्हा मी मोडक्या उर्दूत, पण न अडखळता सगळं सांगितलं. मौलवीसाब खिडकीबाहेर बघत होते. दाढीतलं हसू मला दिसलं.

पुढं निजामी गेली, शाळा मराठी झाली. नोकरी टिकवायला उतारवयात मौलवीसाबांवर मराठीची परीक्षा द्यायची वेळ आली. एके दिवशी ते आमच्या ओसरीवर आले. पुस्तक मिटून बाजूला ठेवत आईला म्हणाले, "बाई, आज माझा सबक ऐका."

'डोळा'ला ते 'डोला' म्हणाले. आईची मराठी मोडकी, पण कानडीमुळं तिचा 'ळ' अस्सल. तिनं तो तीनदा म्हणून दाखवला. मला हसू फुटलं, तशी तिनं मला आत पिटाळलं.

पहिल्या खेपेला मौलवीसाब नापास झाले, दुसऱ्या खेपेला पास. ते सांगायला आले, तेव्हा आईनं त्यांना शेंगापोळी वाढली आणि सावकाश, शब्द जुळवत ती म्हणाली, "अजून एक घ्या, मास्तर. लई कष्ट केले तुम्ही."