एकदा दिलेली लेक

आमच्या घरी त्यांचं नाव कोणी घेत नसे. 'उकवावाले' म्हणायचे. म्हणजे माझे जन्मदाते वडील, उकव्याच्या मँगनीजच्या खाणीत कामाला असलेले. मी कडेवर असतानाच आईची फारकत झाली. पुढे पाट लावून ती बालाघाटला बाबूजींच्या घरी आली, सोबत मी. बाबूजी तहसिलीत कारकून. त्यांना मूलबाळ झालं नाही, आणि मी दुसऱ्याची आहे हे त्यांनी मला कधी जाणवू दिलं नाही. शाळेत मात्र माझ्या नावापुढे उकव्याचंच आडनाव. हजेरी झाली की मुली वळून बघायच्या. मला ते आडनाव टाकायचं होतं, बस्स.

बाबूजींनाही तेच हवं होतं. खैरलांजीचे त्यांचे भाऊ प्रत्येक लग्नकार्यात ऐकवायचे, "तुमचं काय भाऊ, पाहुनी पोरगी सांभाळून राह्यले." दत्तकाचा नवा कायदा येऊन काही वर्षं झाली होती आणि त्यात मुलगीही घेता येत होती. वकील म्हणाले, पंधरा पुरी व्हायच्या आत घ्या. आणि नुसता कागद चालणार नाही, जन्मदात्या बापाला चारचौघांत आपल्या हातानं मुलगी द्यावी लागेल.

मी तेव्हा बारा वर्षांची. पुढची जवळजवळ तीन वर्षं बाबूजी महिन्यातल्या एका इतवारी उकव्याला जायचे आणि घाटात हाडं खिळखिळी करून संध्याकाळी परत यायचे. आई विचारायची, "काय म्हनलं त्यायनं?" बाबूजी पाय धूत सांगायचे, "चहा पाजला." दर वेळी चहा! माणसानं नाही म्हणावं, शिव्या द्याव्यात. पण पाहुणचार करून तोंडाला पानं पुसायची ही कुठली रीत? ऐकून ऐकून मला त्या चहाचाच वीट आला.

दोन महिने उरले तेव्हा बाबूजी म्हणाले, "आता राहू दे." त्यांच्यात दमच उरला नव्हता. मग मीच हट्ट करून त्यांच्यासोबत बसमध्ये बसले.

दारात एक काटकुळा माणूस उभा होता, नखांत काळी धूळ. मी नमस्कारही केला नाही. विचारलं, "काहून नाही देत तुम्ही मले?"

"माह्या घरी दोन्ही पोरंच हायेत बाई," ते म्हणाले. "लेक तू एकटीच. आता यायले देऊन टाकली, तं कन्यादान कोनाचं करू? एकदा देल्लेली लेक परत देता येते का?"

माझं डोकंच फिरलं. ज्या माणसानं मला कधी एक झगा घेतला नाही, तो माझ्या नावावरचं पुण्य राखून बसला होता! "मंग मी लगनच नाही करत," मी म्हटलं. "ठेवा तुमचं पुन्य वाळत घालून."

बाबूजींनी माझा दंड धरला. मान खाली घालून म्हणाले, "त्यायचंबी काही चुकत नाही, बेटा." म्हणजे इतकी वर्षं त्यांना कारण माहीत होतं! आम्हाला सांगितलं नाही, कारण ते त्यांना पटलेलं होतं. मी दोघांवरही चिडले.

उकवावाल्यांनी नखांतली धूळ खरवडली. मग म्हणाले, "हौ. येतो मी पुढल्या इतवारी."

आले. धुतलेलं धोतर नेसून, सकाळच्या पहिल्या बसनं. वकील, शेजारी, भटजी जमले होते. आई आतल्या दारात उभी होती. तिची संमती विचारली तेव्हा तिनं होकारार्थी मान हलवली. लहान मूल असतं तर उचलून मांडीवर दिलं असतं, पण माझ्याएवढ्या घोडीला कोण उचलणार? भटजींनी तोड काढली: बापानं मुलीचा हात धरून तो बाबूजींच्या हातात द्यावा.

त्यांनी माझा हात धरला. तळवा खरखरीत होता. मला आठवतो असा त्यांचा हा पहिलाच स्पर्श, आणि तोही देऊन टाकण्यासाठी.

"देल्ली," ते म्हणाले. बाबूजींनी ओंजळ पुढे केली. ज्याची मी इतकी वर्षं वाट पाहिली ते समोर होतं, आणि मला फक्त थकवा आला होता. दोघांचंही वाईट वाटत होतं.

"हं, घ्या," भटजी म्हणाले. बाबूजी नुसतेच बघत राहिले.

"सोड नं, बाई," उकवावाले हळूच म्हणाले. तेव्हा मला कळलं, त्यांनी हात केव्हाच मोकळा केला होता. मीच तो धरून होते.