गडावरचे पाणी

पेठहून आलेल्या तांबड्या मातीची गोणी अंगणात उपडी केली आणि तिच्या ओलसर वासाने मला थेट बालपणीच्या दिवाळीत नेऊन सोडले. दर दिवाळीला मी मातीचा किल्ला करतो. या वयात हा पोरखेळ आहे, हे मला मान्य आहे. तो सोडण्याचे कारण मात्र अद्याप सापडलेले नाही.

यंदा पुण्याला शिकणारी नात मदतीस बसली नाही. ओट्यावरूनच म्हणाली, "आजोबा, राष्ट्र, परंपरा, सगळं नंतर रचलेलं असतं. गड बांधले पाथरवटांनी आणि मिरवतो एकटा राजा. मी हात लावणार नाही."

राग आला. किल्ला मला एकट्यालाही जमला असता. पण पुढची पिढी हाताची घडी घालून बसली असताना तो करायचा कोणासाठी?

तेव्हा तो आठवला. आमच्या आळीत विहीर खोदायला आलेला, पेठच्या डोंगरातला गडी. आम्ही मुलांनी बुरूज, तोफा, माथ्यावर राजा आणि दरवाजाहून थोरला वाघ अभिमानाने मांडला होता. कमरेवर हात ठेवून त्याने विचारले, "पाणी कुठं हाय? राजा काय तहानेला लढंल? वाघ लय झ्याक, पण तोबी तहानलाय."

आम्ही ओशाळलो. त्याने पहारीच्या टोकाने माथ्यावर टाके कोरले, त्यात वाटी पुरली. जाताना राजावरची माती उपरण्याने हलकेच झटकली. "ह्यो आमचाबी हाय," म्हणाला. गडाचे दगड कोणाच्या खांद्यांवरून चढले, हे त्याला कोणी शिकवायला नको होते. तरीही राजा त्याने परका मानला नाही. ज्याला आपण सामायिक इतिहास म्हणतो, तो मी त्या उपरण्याच्या टोकाला पाहिला आहे.

हे नातीला सांगितले. म्हटले, "तुझा आक्षेप रास्त आहे. खाली ये, पाथरवट कर. राजा मात्र जागचा हलणार नाही."

"आणि वाघ?"

"तोही नाही."

ती हसली, उतरली, कोपरापर्यंत माखली. टाक्यात पाणी ओतताना तिने सहज विचारले, "त्याचं नाव काय होतं?"

मला ठाऊक नव्हते. आम्ही कधी विचारलेच नव्हते.

आता उतारावर अळीव उगवले आहे. टाक्याकाठी, राजाच्या शेजारी, काडीची पहार घेतलेला एक मातीचा माणूस उभा आहे. राजाहून बोटभर उंचच झाला आहे. माथ्यावर थोडी दाटी झाली खरी. पण गड नांदता असला की दाटी व्हायचीच.